हातचा येईपर्यंत

पोरांनो, पाट्या घ्या. आज एका आकड्याची गोष्ट आहे. आधी आकडा लिहून घ्या: १२३४५६७८९८७६५४३२१. लिहिताना कोणी चुकणार नाही, कारण हा पाठ करावाच लागत नाही. एकापासून नवापर्यंत चढायचं आणि आल्या पावली उतरून परत एकाशी यायचं. मोजा, सतरा अंक भरतात. डावीकडून वाचा, उजवीकडून वाचा, तोच.

"आबा, ह्यो वाचायचा कसा ओ?" धाकटीचा प्रश्न बरोबर आहे. वाचू या. एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस. कोटींचेही कोटी झाले, म्हणून 'कोटी' दोनदा म्हणावं लागलं. जुन्या लोकांची सोय यापेक्षा बरी होती. भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती' लिहिली, तिच्यात अठरा घरांची नावं दिली आहेत. कोटीच्या पुढं अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि शेवटी परार्ध. आपल्या आकड्यातला पहिला एक 'मध्य' या घरात बसतो. आणखी एक घर चढला असता तर परार्धाला पोचला असता.

आता मोठा म्हणजे केवढा, ते आपल्या शिवारात मोजू. आपल्याकडच्या टपोऱ्या शाळूचे हजार दाणे तोलले तर साधारण ३५ ग्रॅम भरतात. या आकड्याइतके दाणे गोळा करायचे ठरवलं, तर ४३ कोटी टन ज्वारी लागेल. सगळ्या जगात मिळून वर्षाला साधारण ६ कोटी टन ज्वारी पिकते. म्हणजे सात वर्षं जगातल्या कोणी भाकरी खायची नाही, जनावरापुढं दाणा टाकायचा नाही, सगळं पीक आणून इथं ओतायचं, तेव्हा कुठं एवढे दाणे होतील.

आणि मोजायचे म्हटलं तर? सेकंदाला एक दाणा, रात्रंदिवस, मध्ये जेवायलाही उठायचं नाही, तरी ३९ कोटी वर्षं लागतील. सांगोल्यात विहीर खणताना खाली काळा पाषाण लागतो ना, तो लाव्हा थंड होऊन झालेला आहे आणि त्याचं वय सुमारे साडेसहा कोटी वर्षं. आज मोजणी संपवायची असेल, तर हा पाषाण जन्माला येण्याच्याही कितीतरी आधी सुरुवात करायला हवी होती. तेव्हा जमिनीवर एक फूल उमललेलं नव्हतं, एक पाखरू उडत नव्हतं. समुद्रात मासे होते. डायनासोर यायलासुद्धा अजून पंधरा कोटी वर्षं अवकाश होता.

एवढा अवाढव्य आकडा, पण तो येतो कुठून ते बघा. नऊ एक शेजारी शेजारी मांडा: १११११११११. याला यानंच गुणा. झालं.

विश्वास बसत नसेल तर आधी लहानावर करू. १११ गुणिले १११. पाटीवर गुणाकार मांडताना आपण दर ओळीला उजवीकडं एक फुली जास्त मारतो आणि एक घर डावीकडं सरकतो. एकानं गुणायचं म्हटल्यावर गुणण्यासारखं काही उरतच नाही, प्रत्येक ओळीत तेच १११ उतरतं:

१११
१११०
१११००

मी फुलीच्या जागी शून्य लिहिलंय, एवढंच. आता तिन्ही ओळी उजव्या कडेला जुळवून घ्या आणि उभी बेरीज करा. एककाच्या घरात एकच एक आहे. दशकाच्या घरात दोन एक आले. शतकाच्या घरात तीन. हजाराच्या घरात परत दोन, कारण पहिली ओळ तिथवर पोचतच नाही. दहा हजारांच्या घरात शेवटच्या ओळीचा एकटा एक. उत्तर १२३२१. म्हणजे त्या घरात किती ओळींचा एक येऊन पडलाय, तेवढंच अंक सांगतो. आधी एकेक ओळ येऊन मिळते, मग एकेक ओळ संपते, म्हणून चढ आणि उतार.

चार एकांचं करा, १२३४३२१ येईल. पाच एकांचं १२३४५४३२१. असं करत नऊ एकांपर्यंत गेलात की आपला आकडा हजर. नऊ ओळी, प्रत्येकीत नऊ एक, आणि मधल्या उभ्या घरात नऊच्या नऊ एक एकाखाली एक. थोरल्या, तू नीट चौकोनी रकाने आखून हे पूर्ण मांड. अर्धी पाटी भरेल, पण डोळ्यांनी बघितलेला गुणाकार माणूस विसरत नाही.

"मंग धा एकांचं केलं तर?" हाच तो प्रश्न, ज्याची मी वाट बघत होतो.

दहा एक घेतले की मधल्या घराची बेरीज दहा होते. दहा एका घरात मावत नाहीत. शून्य लिहायचं आणि हातचा एक. तो हातचा शेजारच्या घरात जातो, तिथं आधीच नऊ आहेत. नऊ आणि एक दहा, पुन्हा शून्य, पुन्हा हातचा. त्याच्या पलीकडं आठ आहेत. आठ आणि हातचा एक, नऊ. इथं हातचा थांबला. उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. उजवा उतार शाबूत आहे, पण डावा चढ बिघडला. सातानंतर एकदम नऊ आले, आठ गेला.

तो आठ हातच्यानं नेला, आणि हे काही या एकाच ठिकाणी घडत नाही. १२३४५६७९ हा आकडा लिहा, आठ मुद्दाम गाळून. त्याला नवानं गुणा. १११११११११ येतात, नऊच्या नऊ एक. तुमच्या आवडीचा अंक कोणता? सात? मग नऊ साते त्रेसष्ट, ६३ नं गुणा: ७७७७७७७७७. पाच आवडत असेल तर ४५ नं. आणि एकाला एक्क्याऐंशीनं भागत बसलात तर दशांशचिन्हापुढं ०१२३४५६७९, पुन्हा ०१२३४५६७९, असं अखंड चालू राहतं. तिथंही आठ नाही. खरं तर तिथं एक, दोन, तीन करत सगळेच अंक ओळीनं यायला निघालेले असतात, नवाच्या पुढं दहाही येतो. पण दहाचा हातचा मागं सरकतो, नवाचं शून्य करतो आणि आठाचा नऊ करतो. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त आवडते ती ही गोष्ट. चमत्कार वाटावा असं काहीतरी दिसतं, आणि खाली बघितलं तर दुसरीत शिकलेला हातचा असतो.

हातचा आणखी एक काम करतो, तेही बघून घ्या. आपल्या आकड्यातले सगळे अंक मिळवा. एक ते आठ दोनदा, म्हणजे बहात्तर, आणि मधला नऊ, एकूण ८१. पाटीवर नऊ ओळींत नऊ-नऊ एक होते, तेही ८१. हातचा आलाच नाही, त्यामुळं एकही एक हरवला नाही. आता दहा एकांच्या उत्तराचे अंक मिळवा. पाटीवर शंभर एक मांडले होते, पण अंकांची बेरीज भरते ८२. अठरा कुठं गेले? हातचे किती वेळा आले ते आठवा. दोनदा. दर हातच्याला दहा जाऊन एक येतो, म्हणजे नऊ हरवतात. दोन हातच्यांत अठरा हरवले. हिशेब पैशाला पैसा जुळला. गुणाकार बरोबर आहे का ते बघायला जुने मास्तर अंकांची बेरीज करून नऊ टाकायला लावायचे ना, ती पडताळणी याच पायावर उभी आहे: हातच्यांत जे हरवतं ते नऊनऊच्या गठ्ठ्यांनीच हरवतं.

आता नवालाच का थांबायचं? कारण आपण दहाच्या घरांत मोजतो, आणि दहाच्या घरांत मोजतो ते बहुधा हाताला दहा बोटं आहेत म्हणून. माणसाला आठ बोटं असती आणि आपण आठाच्या घरांत मोजत असतो, तर सात एकांपर्यंत डोंगर सुबक आला असता आणि आठव्या एकाला बिघडला असता. सोळाच्या घरांत मोजत असतो, माझ्या लहानपणी रुपयाचे सोळा आणे होते तसे, तर पंधरा एकांपर्यंत चाललं असतं. चढउतार हा एकांचा गुण आहे. तो कुठं मोडायचा, हे मात्र आपल्या बोटांनी ठरवलंय.

थोरला मघापासून मोबाईलकडं बघतोय. बघ, हरकत नाही. पण यंत्राची एक गंमत ऐकून ठेव. एक्सेलच्या तक्त्यात हा आकडा लिहिला तर ते १२३४५६७८९८७६५४३०० दाखवतं, कारण पंधरा अंकांच्या पुढं ते हिशेब ठेवतच नाही. जावास्क्रिप्टमध्ये नऊ एकांचा नऊ एकांशी साधा गुणाकार केला तर उत्तर येतं १२३४५६७८९८७६५४३२०. शेवटी शून्य! एकानं चूक. याचंही कारण घरांचंच आहे. संगणक दोनच्या घरांत मोजतो आणि नेहमीच्या पद्धतीत एका आकड्याला ५३ घरं देतो. त्यात ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतचा प्रत्येक पूर्णांक मावतो. त्याच्या पुढं, दुपटीपर्यंत, फक्त सम आकडे मावतात. आपला आकडा त्या पट्ट्यातला आहे आणि विषम आहे. त्याला तिथं जागाच नाही, म्हणून यंत्र त्याला शेजारच्या सम आकड्यावर नेऊन बसवतं. जास्त घरं वापरायला सांगितलं तर संगणक हे अगदी बरोबर करतो. पण तुमच्या पाटीला काही वेगळं सांगावं लागत नाही.

आता या आकड्याच्या मागचा माणूस. आपल्या सांगोल्यावरून बार्शी लाईटची छोटी गाडी मिरजेपर्यंत जाऊ लागली ती १९२७ साली. त्याच साली पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातल्या एका विद्यार्थ्याला रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर त्यांचं नाव. जन्म डहाणूचा, १७ जानेवारी १९०५ चा, शाळा ठाण्यात. १९२९ मध्ये ते बी.एस्सी. झाले, पुढची पदवी घेतली नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळ देवळालीला शाळेत मास्तर होते. दिवसा पोरांना शिकवायचं आणि उरलेला सगळा जीव आकड्यांत घालायचा. पुस्तिका स्वतः छापून घ्यायच्या. पुष्कळ गणितज्ञांनी त्यांना गंभीरपणे घेतलं नाही. १९७५ च्या मार्च महिन्यात अमेरिकेतल्या 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाला देवळालीचे मास्तर कळले. तोवर त्यांना निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती.

तुमच्या आकड्याच्या घराण्याला, म्हणजे १, १२१, १२३२१, १२३४३२१ या सगळ्यांना, कापरेकरांनी डेम्लो संख्या म्हटलं. डोंबिवली स्टेशनावर त्यांना ही कल्पना सुचली. त्या स्टेशनाचं जुनं नाव डेम्लो. त्यांच्या डेम्लो संख्यांचं कुटुंब याहून मोठं आहे, पण हे चढउताराचे आकडे त्यातले खास मानकरी. १९३८ साली 'मॅथेमॅटिक्स स्टुडंट' या नियतकालिकात त्यांनी त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा मथळ्यातच त्यांना 'वंडरफुल' म्हटलं आहे. गाडीची वाट बघत बसलेल्या माणसाला फलाटावर असं काहीतरी सुचावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

कापरेकरांनी आणखी एक जात शोधली. एखाद्या आकड्याला त्याच्याच अंकांच्या बेरजेनं नि:शेष भाग गेला, तर त्याला त्यांनी हर्षद संख्या म्हटलं. जसं १८: एक आणि आठ नऊ, नवानं अठराला भाग जातो. आता आपल्या आकड्याची अंकांची बेरीज ८१ आहे हे आपण मघाशीच काढलं. ८१ नं भागून बघा. भाग जातो, आणि उत्तर येतं १५२४१५७८९९७१०४१. हे उत्तर ओळखीचं वाटत नाही, पण ते आपल्या त्या आठ गाळलेल्या १२३४५६७९ चा वर्ग आहे. एका एकापासून नऊ एकांपर्यंत या घराण्यात नऊ भावंडं आहेत. त्यातली हर्षद फक्त तीन: पहिलं १, तिसरं १२३२१ आणि नववं हे आपलं. १२१ च्या अंकांची बेरीज चार, पण चारानं १२१ ला भाग जात नाही. बाकीच्यांचं तुम्ही तपासा.

तिसरी जात तर त्यांच्याच नावानं ओळखली जाते. ४५ चा वर्ग करा, २०२५ येतात. मधोमध तोडा, २० आणि २५. मिळवा, ४५! असा वर्ग करून, तोडून, मिळवून मूळ आकडा परत आला की ती कापरेकर संख्या. ५५ चंही तसंच: ३०२५, तीस आणि पंचवीस पंचावन्न. २९७ चा वर्ग ८८२०९. ८८ आणि २०९ मिळून २९७. नऊ हा सगळ्यांत लहानांपैकी एक: एक्क्याऐंशी, आठ आणि एक नऊ. आता आपला आकडा घ्या आणि त्याला त्याच्या अंकांच्या बेरजेनं, ८१ नं, या खेपेला गुणा. उत्तर ९९९९९९९९८००००००००१. मधोमध तोडा. डावीकडं ९९९९९९९९८, उजवीकडं आठ शून्यं आणि एक. मिळवा. नऊच्या नऊ नऊ! कारण उघड आहे: नऊ एकांचा वर्ग गुणिले नवाचा वर्ग, म्हणजे नऊ नवांचा वर्ग. एकाच आकड्यात डेम्लो आहे, भागलं तर हर्षद आहे, गुणलं तर कापरेकर संख्या निघते. मास्तरांनी तीन वेगवेगळ्या वाटा शोधल्या आणि तिन्ही इथं येऊन मिळाल्या.

त्यांचा ६१७४ सगळ्यांना ठाऊक असतो, म्हणून तो पटकन सांगतो. कोणताही चार अंकी आकडा घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं मांडा, त्यातून चढत्या क्रमानं मांडलेला आकडा वजा करा, आलेल्या उत्तराचं तेच करा. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतो आणि मग तोच येत राहतो. मास्तरांच्या जन्मसालापासून, १९०५ पासून सुरू करा, बरोबर सात वजाबाक्या लागतात. हे त्यांना १९४६ मध्ये सापडलं आणि १९४९ मध्ये त्यांनी मद्रासच्या गणित परिषदेत मांडलं.

पण गोष्ट देवळालीला संपत नाही. सोलापूरच्या पलीकडं कलबुर्गी, तिच्याही पुढं मळखेड आहे. आज लहान गाव आहे, पण अकराशे वर्षांपूर्वी ते मान्यखेट होतं, राष्ट्रकूटांची राजधानी. तिथं नवव्या शतकात अमोघवर्ष नृपतुंग राज्य करत असताना महावीराचार्य नावाच्या जैन गणितज्ञानं 'गणितसारसंग्रह' हा ग्रंथ लिहिला. अमोघवर्षाची त्यांनी ग्रंथात स्तुती केली आहे. गुणाकार शिकवताना त्यांनी उदाहरणं कशी निवडली आहेत बघा: २७९९४६८१ ला ४४१ नं गुणा. पाटीवर गुणत बसलात तर मध्ये कसलाही सुगावा लागत नाही, हातच्यांवर हातचे येत राहतात, आणि शेवटी उत्तर येतं १२३४५६५४३२१. एक ते सहा चढ, सहा ते एक उतार! दुसरं उदाहरण, १५२२०७ गुणिले ७३: आठ एक, ११११११११. अशा उत्तरांना ते कंठहार म्हणतात, दोन्ही बाजूंनी सारखा असतो म्हणून.

हे आचार्यांनी केलं कसं असेल, ते उलगडता येतं. सहा एकांना २१ नं भाग जातो, ५२९१ वेळा. ५२९१ चा वर्ग २७९९४६८१, आणि २१ चा वर्ग ४४१. म्हणजे सहा एकांचा वर्ग दोन तुकड्यांत फोडून शिष्याच्या हाती दिला, आणि शिष्यानं घाम गाळून परत जोडला की हार तयार. पोरांना शिकवण्यासाठी एवढा विचार करणारा गुरू होता तो.

आणि हा ग्रंथ आपल्या सोलापूरला परत आलाय बरं का. १९१२ मध्ये मद्रासला रंगाचार्यांनी तो इंग्रजी भाषांतरासह छापला होता. पुढं १९६३ मध्ये सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघानं जीवराज जैन ग्रंथमालेत लक्ष्मीचंद्र जैन यांच्या हिंदी अनुवादासह तो प्रसिद्ध केला. देवळालीचे मास्तर आदल्याच वर्षी निवृत्त झाले होते. मान्यखेटचा कंठहार आणि डोंबिवलीची डेम्लो संख्या एकच, आणि दोन्हींच्या मध्ये अकराशे वर्षं.

काही मोठी माणसं अशा आकड्यांना मान देत नाहीत. रामानुजन यांना केंब्रिजला बोलावणारे हार्डी केवढे मोठे गणितज्ञ. त्यांनी १९४० साली 'अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी' या पुस्तकात अंकांच्या असल्या गमतींची दोन उदाहरणं दिली आणि त्या वर्तमानपत्राच्या कोड्यांच्या सदरात शोभतील, गणितज्ञाला त्यात काही नाही, असा निकाल दिला. त्यांचा मुद्दा अर्धा खरा आहे. दहाच्या घरांऐवजी आठाची घरं घेतली की गंमत बदलते, तेव्हा ती संख्येची नसून लिहिण्याच्या रीतीची आहे. पण आपल्या आकड्याच्या बाबतीत मी हे मानायला तयार नाही, आणि का ते दाखवतो.

सापशिडीचे दोन फासे आणा. दोन्ही एकदम टाकले तर बेरीज दोन येण्याची रीत एकच: एक आणि एक. तीन येण्याच्या रीती दोन: एक-दोन, दोन-एक. चार येण्याच्या तीन. असं चढत सात येण्याच्या रीती सहा होतात. मग आठाच्या पाच, नवाच्या चार, आणि बाराची पुन्हा एक. ओळीनं लिहा: १, २, ३, ४, ५, ६, ५, ४, ३, २, १. महावीराचार्यांचा कंठहार! सगळ्या रीतींची बेरीज ३६, सहा गुणिले सहा. दोन फाशांची बेरीज मोजणं आणि सहा एकांचा वर्ग करणं ही दोन कामं नाहीत, एकच आहे. पाटीवरच्या सहा ओळी म्हणजे एका फाशाच्या सहा बाजू, आणि प्रत्येक ओळीतले सहा एक म्हणजे दुसऱ्या फाशाच्या. उभ्या घरात जे एकत्र येतात त्यांची बेरीज सारखी असते. नऊ बाजूंचे दोन फासे केलेत तर आपला सतरा अंकी आकडा तुमच्यापुढं येऊन पडेल. इथं दहा बोटांचा संबंध उरला नाही. दोन फाशांत सात वारंवार पडतो तो याच डोंगरामुळं, आणि हा डोंगर कोणत्याही घरांत मोजा, तसाच राहतो.

आता नुसत्या एकांकडं या. नऊ एकांचे अवयव पाडले तर तीन गुणिले तीन गुणिले ३७ गुणिले ३३३६६७ येतात. यातला प्रत्येक मूळ संख्या आहे. पण नुसत्या एकांचा आकडा स्वतःच मूळ असू शकतो का? ११ आहे. १११ नाही, तीन गुणिले ३७. ११११ नाही, ११ गुणिले १०१. एकांची मोजदाद जर सम असेल तर ११ नं भाग जाणारच, तिनाच्या पटीत असेल तर १११ नं जाणारच. म्हणजे मोजदाद स्वतः मूळ संख्या असावी लागते. तेवढ्यानंही भागत नाही. पाच एक फुटतात, ४१ गुणिले २७१. सात फुटतात, २३९ गुणिले ४६४९. अकराही फुटतात, २१६४९ गुणिले ५१३२३९. तेरा आणि सतराही फुटतात. एकोणीस एक मात्र फुटत नाहीत. तेवीसही नाहीत. त्याच्या पुढचा न फुटणारा आकडा थेट ३१७ एकांचा आणि त्याच्याही पुढचा १०३१ एकांचा. १०३१ एक फुटत नाहीत हे विल्यम्स आणि ड्यूब्नर यांनी सिद्ध केलं ते १९८६ साली, आणि कापरेकर मास्तर गेले तेही त्याच साली. असे न फुटणारे आकडे कुठंतरी संपतात की संपतच नाहीत, हे जगात आजवर कोणालाही सिद्ध करता आलेलं नाही.

सतरा एक फुटतात म्हणालो ना, त्यांना २०७१७२३ नं भाग जातो. भागाकार पाटीवर करा. दोघांनी दोन पाट्यांवर करा, म्हणजे पडताळता येईल.